अव्वल प्रस्तरारोहणाची मानसिक बाजू आणि निवृत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न स्पर्धांत उतरणारे खेळाडू, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक, तसेच वर्षानुवर्षे कातळ चढून आता थांबावे का या विचारात असलेले आरोहक पुन्हा पुन्हा विचारतात. दोर, गाठी आणि साधने यांविषयी त्यांना भरपूर शिकवलेले असते. मनाविषयी मात्र बहुतेकांना "हिंमत ठेव" एवढेच सांगितलेले असते, आणि थांबण्याविषयी तर कोणीच काही सांगितलेले नसते. उत्तरांत जी उदाहरणे आली आहेत ती सर्व जगप्रसिद्ध आरोहकांच्या जाहीर कारकिर्दीतील आहेत.

अव्वल आरोहकांना भीती वाटतच नाही, हे खरे आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत हे खरे नाही. हा समज पसरण्यास ॲलेक्स होनोल्ड याचे उदाहरण पुष्कळसे कारणीभूत आहे. 3 जून 2017 रोजी त्याने अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यातला एल कॅपिटान हा सुमारे 3,000 फुटांचा कडा 'फ्रीरायडर' या मार्गाने, दोराशिवाय, 3 तास 56 मिनिटांत एकट्याने सर केला. त्याआधी, 2016 मध्ये, जेन जोसेफ या मेंदूशास्त्रज्ञ महिलेने दक्षिण कॅरोलायनातील वैद्यकीय विद्यापीठात त्याच्या मेंदूची एमआरआय तपासणी केली होती. सामान्य माणसाला अस्वस्थ करणारी चित्रे पाहताना भीतीशी निगडित असलेला मेंदूचा 'ॲमिग्डला' हा भाग त्याच्या बाबतीत जवळजवळ शांत राहिला, असे त्या तपासणीत दिसले.

या निष्कर्षावरून "त्याचा मेंदूच वेगळा आहे, आपले तसे नाही" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र ते पटत नाही. एक तर ती तपासणी एकाच माणसाची होती आणि ती चित्रे दाखवून केलेली होती, कड्यावर नव्हे. शिवाय वर्षानुवर्षे उंचीवर वावरलेल्या माणसाचा मेंदू जन्मतः तसा होता की सरावाने तसा झाला, हे एका तपासणीवरून ठरवता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाच होनोल्ड 2016 च्या शरद ऋतूत त्याच कड्यावर दोराशिवाय चढू लागला होता आणि खालच्या गुळगुळीत उतारावरील टप्प्यात मन साथ देत नाही हे लक्षात येताच त्याने तो प्रयत्न सोडून दिला होता. त्यानंतर त्याने दोर लावून अवघड टप्पे पुन्हा पुन्हा घोटले आणि मगच तो परत आला. भीती ओळखणे, ती काय सांगते आहे हे ऐकणे आणि तिच्या सांगण्यावरून माघारी फिरणे, हे कौशल्य त्या दिवशी त्याच्यापाशी होते. ते नसलेल्या निर्भय माणसाबरोबर कोणीही दोर बांधू नये.

पडण्याची भीती आणि अपयशाची भीती यांत फरक कसा ओळखावा?

दोन्ही भीतींची शारीरिक लक्षणे सारखीच असतात, म्हणून घोटाळा होतो. शेवटचा बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात बसवलेला खिळा) पावलांच्या खाली राहिलेला असतो आणि पुढचा अजून हाताच्या पलीकडे असतो. बोटे खाचेत जेवढी घट्ट हवीत त्याच्या दुप्पट घट्ट आवळली जातात, श्वास छातीतच अडकतो, पायाकडे पाहणे बंद होते आणि नजर फक्त हातांच्या पकडींवर खिळते. असे आवळून धरल्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू भरून येतात, हात 'पंप' होतात आणि ज्या जागेवरून सहज पुढे जाता आले असते तिथेच आरोहक गळतो. ताकद कमी पडली असे त्याला वाटते. वस्तुतः ताकद भीतीने खर्च झालेली असते.

फरक ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. तोच मार्ग वरून दोर लावून, म्हणजे पडण्याचा प्रश्नच नसताना, आणि कोणी पाहत नसताना चढून पाहावा. ताण गेला, तर भीती पडण्याची होती. ताण तसाच राहिला किंवा चार ओळखीची माणसे खाली उभी राहताच परत आला, तर भीती अपयशाची आहे. शेवटच्या अवघड हालचालीपूर्वी "टेक" (म्हणजे दोर ताणून धर) असे ओरडून दोरावर बसणारे आरोहक पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असतात. पूर्ण प्रयत्न करून पडण्यापेक्षा स्वतःहून थांबणे त्यांना सुसह्य वाटते, कारण मग "जोर लावला असता तर जमले असते" हे म्हणण्याची सोय उरते. अव्वल पातळीवर मला पहिल्या भीतीपेक्षा ही दुसरी भीती अधिक नुकसान करताना दिसते, आणि निवृत्तीच्या वेळी जो त्रास होतो त्याचे मूळही बहुधा तिच्यातच असते.

पडण्याचा सराव करावा का?

करावा, परंतु योग्य जागीच. उभ्या किंवा किंचित पुढे झुकलेल्या, बोल्ट भक्कम असलेल्या आणि पडण्याच्या वाटेत काहीही नसलेल्या भिंतीवर, दोर हळुवार झेलणाऱ्या अनुभवी साथीदाराबरोबर, आधी बोल्टच्या पातळीवरून आणि मग क्रमाक्रमाने वरून पडत जावे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये थरांमुळे मध्येच टप्पे आणि कंगोरे पुढे आलेले असतात, आणि जुन्या मेखांचा भरवसा नसतो. तिथे मुद्दाम पडण्याचा सराव करणे हा निव्वळ अविचार आहे. अशा कातळावर वाटणारी भीती खरी आणि उपयोगी असते, ती घालवण्याचा प्रयत्न करू नये.

स्पर्धेच्या दिवशी मनावर नेमका कशाचा ताण येतो?

स्पर्धात्मक आरोहणाची रचनाच मनाची परीक्षा पाहणारी आहे. लीड प्रकाराच्या (दोर अडकवत जमेल तितके उंच चढण्याच्या) अंतिम फेरीत सर्व स्पर्धकांना मार्ग खालून पाहण्यासाठी सहा मिनिटे मिळतात. त्या वेळात ते हवेत हात फिरवून पकडींचा क्रम पाठ करतात, दुर्बिणीतून वरच्या पकडी न्याहाळतात आणि मग त्यांना विलगीकरण कक्षात परत नेले जाते. तिथे फोन नसतो, बाहेर कोण कुठवर पोहोचले हे कळत नाही, फक्त प्रेक्षकांच्या आरोळ्या भिंतीपलीकडून ऐकू येतात, आणि त्या आरोळीचा अर्थ लावण्याचा मोह फार मोठा असतो. नाव पुकारले की एकच प्रयत्न मिळतो. पाय घसरला की संपले. एका वर्षाची मेहनत पहिल्याच मिनिटात संपलेली पाहणे हे या खेळात अपवादात्मक नाही.

त्यातच निकाल पूर्णपणे आपल्या हातात नसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये (ते 2021 मध्ये झाले) स्पीड (वेगाची शर्यत), बोल्डरिंग (बुटक्या भिंतीवर दोराशिवाय चढायचे छोटे, अवघड मार्ग) आणि लीड या तिन्ही प्रकारांतील क्रमांकांचा गुणाकार करून अंतिम क्रमांक ठरवला गेला होता. पुरुषांच्या अंतिम फेरीत चेक आरोहक ॲडम ओंद्रा स्पीडमध्ये चौथा, बोल्डरिंगमध्ये सहावा आणि लीडमध्ये दुसरा आला; गुणाकार 48 झाला आणि तो सहाव्या स्थानी राहिला. त्याच्यानंतर चढलेल्या ऑस्ट्रियाच्या याकोब शूबर्टने लीडचा मार्ग शेवटपर्यंत पूर्ण केला नसता, तर ओंद्रा लीडमध्ये पहिला राहिला असता, त्याचा गुणाकार 24 झाला असता आणि 28 गुणांवर सुवर्ण जिंकलेल्या स्पेनच्या अल्बेर्तो हिनेस लोपेसच्या तो पुढे गेला असता. म्हणजे ओंद्राच्या स्वतःच्या आरोहणात काहीही न बदलता, दुसऱ्या माणसाच्या काही हालचालींवर सुवर्ण की सहावे स्थान हे ठरले. खेळाडूने स्वतःची किंमत निकालावरून ठरवू नये, असे प्रशिक्षक सांगतात ते उपदेश म्हणून नव्हे. या खेळात निकालाला तेवढा भार पेलतच नाही, हे वस्तुस्थितीचे कथन आहे.

मनातल्या मनात मार्ग चढण्याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण तो सराव नुसत्या कल्पनेपेक्षा बराच कष्टाचा आहे. सप्टेंबर 2017 मध्ये ओंद्राने नॉर्वेतील फ्लाटांगर येथील गुहेत 'सायलेन्स' हा जगातला पहिला 9सी श्रेणीचा, म्हणजे तोवरच्या सर्वांत अवघड पातळीचा, मार्ग पूर्ण केला. त्याच्या तयारीत क्लाउस इझेले या फिजिओथेरपिस्टच्या मदतीने मनातल्या मनात केलेल्या सरावाचा मोठा वाटा होता. जमिनीवर पडून, डोळे मिटून, प्रत्येक हालचाल हातापायांच्या सूक्ष्म ताणासह आणि श्वासासह तो पुन्हा पुन्हा उभी करत असे.

यातले मर्म असे की केवळ चित्र पाहून भागत नाही. कोणत्या पकडीवर अंगठा कुठे बसतो, डावी टाच अडकवल्यावर मांडीत ताण कुठे जाणवतो, श्वास नेमका कधी सोडायचा, हे सर्व शरीराच्या भाषेत आठवावे लागते. मनातल्या आरोहणाला प्रत्यक्षाइतकाच वेळ लागला पाहिजे. अवघड जागा मनात घाईने ओलांडली जात असेल, तर तिथली हालचाल अजून नीट ठाऊक नाही असे समजून पुन्हा कातळाकडे जावे.

एकाच मार्गावर वर्षे घालवणे हा ध्यास समजावा की हट्ट?

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. टॉमी कॉल्डवेल 2007 पासून एल कॅपिटानच्या 'डॉन वॉल'च्या मागे होता. 14 जानेवारी 2015 रोजी, सलग 19 दिवस कड्यावर काढून, त्याने आणि केव्हिन जॉर्गेसनने तो पूर्ण केला. पंधराव्या टप्प्यावर जॉर्गेसन दिवसेंदिवस पडत राहिला. बोटांची त्वचा फाटत होती, ती भरून यावी म्हणून मध्ये थांबावे लागत होते. कॉल्डवेलने पुढचे अवघड टप्पे उरकले होते आणि तो एकटा माथा गाठू शकत होता; तो थांबला, आणि जॉर्गेसनचा टप्पा पूर्ण झाल्यावर दोघे मिळून वर गेले. ध्यासात माणसे दिसेनाशी होत नाहीत, याचे मला हे सर्वांत चांगले उदाहरण वाटते. मार्गाखेरीज दुसऱ्या कशातच रस उरला नसेल, घरच्यांची प्रत्येक गरज अडथळा वाटत असेल आणि पडल्यावर शिकण्याऐवजी फक्त राग येत असेल, तर एक हंगाम त्या मार्गापासून दूर राहावे. कातळ कुठे जात नाही.

वजनाबद्दलचा विचार डोक्यातून जात नाही. हे या खेळात स्वाभाविक नाही का?

हे सर्रास आढळते, पण निरोगी नाही. स्वतःचे वजन बोटांच्या टोकांवर पेलायचे असल्यामुळे "किलोभर कमी झाले की एक श्रेणी वाढेल" हा हिशेब आरोहकाला फार लवकर सुचतो, आणि सुरुवातीला तो खरा ठरल्यासारखा वाटतो, हीच त्यातली फसगत आहे. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी मिळत राहिले की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत, झोप आणि मनःस्थिती बिघडते. पुरुषांतही संप्रेरकांवर परिणाम होतो. या अवस्थेला 2014 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती 'रेड-एस' (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) या नावाने ओळखते. 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धात्मक आरोहण महासंघाच्या वैद्यकीय समितीतील दोन डॉक्टरांनी याच प्रश्नावर पुरेशी पावले उचलली जात नसल्याच्या कारणावरून राजीनामे दिले; टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेली स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट हिनेही या विषयावर उघडपणे आवाज उठवला; 2024 मध्ये महासंघाने याबाबत नियमावली आणली.

पालकांना एक स्पष्ट विनंती आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलीच्या ताटाकडे पाहून प्रशिक्षक शेरे मारत असतील, तर तो प्रशिक्षक बदलावा. निवृत्तीनंतर कातळ सुटतो, परंतु अन्नाशी जडलेले हे वैर अनेकांच्या बाबतीत सुटत नाही.

अनुभव वाढला की मन आपोआप सुरक्षित होते का?

उलट, सवयीमुळे लक्ष सैल पडते. 1989 मध्ये फ्रान्समधील ब्यू येथे लिन हिल ही त्या काळातील अग्रगण्य आरोहक एक मार्ग चढून गेली आणि खाली उतरण्यासाठी दोरावर भार टाकताच सुमारे 22 मीटर खाली कोसळली. हार्नेसला दोर बांधताना लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे गाठ अर्धवट राहिली होती. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. एकमेकांच्या गाठी हाताने चाचपून पाहण्याची पद्धत नवशिक्यांइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, पंचवीस वर्षे चढणाऱ्यांना लागू आहे.

इतकी कणखर माणसे निवृत्तीपुढे का खचतात?

ज्या गुणांमुळे आरोहक अव्वल होतो, तेच गुण थांबताना त्याच्या विरुद्ध काम करतात. जगाला एका खाचेएवढे लहान करून तिच्यावर संपूर्ण लक्ष देणे, शरीराची तक्रार न ऐकणे, शेकडो वेळा पडूनही "पुढच्या वेळी" म्हणत राहणे, हे सगळे कड्यावर सद्गुण असतात. निवृत्तीच्या वेळी मात्र लक्ष विस्तारावे लागते, शरीराचे ऐकावे लागते, आणि "पुढची वेळ" नाही हे मान्य करावे लागते. याचा सराव त्याने आयुष्यात कधी केलेलाच नसतो.

दुसरे कारण ओळखीचे आहे. खेळाडू स्वतःला किती प्रमाणात केवळ खेळाडू समजतो हे मोजण्यासाठी क्रीडामानसशास्त्रात 1993 पासून एक प्रश्नावली वापरली जाते, आणि ज्यांची ओळख या एकाच खांबावर उभी असते त्यांना खेळ सोडणे अधिक जड जाते, असे या क्षेत्रातील अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. आरोहणात हा खांब विशेष जाड असतो, कारण मित्र, सुट्ट्या, राहण्याचे गाव, आहार, झोपेची वेळ, पुष्कळदा जोडीदारसुद्धा याच खेळातून आलेला असतो. शिवाय प्रत्येक मार्गाला आकड्यातली श्रेणी असल्यामुळे आपण कुठे आहोत हे रोज कळण्याची सवय लागलेली असते. बाहेरच्या जगात कोणीही तुमच्या मंगळवारला श्रेणी देत नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत हेच सर्वांत जास्त टोचते.

मग निवृत्ती घ्यायची म्हणजे नेमके काय सोडायचे?

माझ्या मते हा या विषयातला मूळ प्रश्न आहे, आणि तो न विचारताच बहुतेक जण निर्णय घेतात. "आरोहण सोडले" या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात: स्पर्धा, स्वतःच्या मर्यादेवरच्या अवघड मार्गांचा पाठलाग, जिवाचा धोका, आणि कातळाचा सहवास. चारही एकदम सोडण्याची गरज फार थोड्यांना असते. स्पर्धेला कंटाळलेला माणूस कातळही सोडतो आणि मग आपण कशासाठी झुरतो आहोत हे त्याला उमगत नाही; उलट, धोका सोडण्याची गरज असलेला माणूस फक्त स्पर्धा सोडतो आणि अधिक धोकादायक जागी जाऊन पोहोचतो.

ऑस्ट्रियाच्या अँगेला आयटर हिने लीड प्रकारात चार वेळा विश्वविजेतेपद मिळवून नंतर स्पर्धा सोडल्या, कातळ सोडला नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये स्पेनमधील 'ला प्लांता दे शिवा' चढून ती 9बी श्रेणी गाठणारी जगातली पहिली महिला ठरली. लिन हिलनेही स्पर्धांतून बाजूला झाल्यानंतर, 1993 मध्ये, एल कॅपिटानचा 'द नोज' हा मार्ग प्रथमच मुक्त पद्धतीने (दोर फक्त पडल्यास झेलण्यासाठी, चढताना आधार केवळ कातळाचा) चढला आणि पुढच्या वर्षी तोच चोवीस तासांच्या आत पुन्हा केला. आज आरोहणाच्या इतिहासात तिचे नाव प्रामुख्याने या कामगिरीसाठी घेतले जाते. बोल्डरिंगमध्ये 2016 आणि 2017 चे विश्वचषक जिंकलेली ब्रिटनची शॉना कॉक्सी टोकियोनंतर स्पर्धांतून निवृत्त झाली आणि पुढे गरोदरपणातही आपल्या शरीराचे ऐकत चढत राहिली. त्यावर समाजमाध्यमांत टीका झाली, पण तिने ती मनावर घेतली नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण डेव्हिड लामाचे आहे. कृत्रिम भिंतींवरच्या स्पर्धांत लहान वयातच चमकलेला हा ऑस्ट्रियन आरोहक स्पर्धा सोडून मोठ्या पर्वतांकडे वळला, 2012 मध्ये पाटागोनियातील सेरो तोरेच्या 'कॉम्प्रेसर' मार्गाचे मुक्त आरोहण त्याने केले, आणि एप्रिल 2019 मध्ये कॅनडातील हाउज शिखरावर दोन साथीदारांसह हिमस्खलनात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या निवडीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पर्वतांतच त्याला आपले काम सापडले होते. मात्र स्पर्धा सोडणे म्हणजे शांत आयुष्य, असे घरच्यांनी गृहीत धरू नये.

निवृत्तीची तारीख आधी जाहीर करावी का?

शक्य असेल तर करावी. जपानच्या अकियो नोगुचीने टोकियो ऑलिंपिक ही आपली शेवटची स्पर्धा असेल असे आधीच सांगितले होते. कोरोनाच्या साथीमुळे स्पर्धा एक वर्ष पुढे गेली, तिचे शेवटचे वर्ष लांबले, आणि 32 व्या वर्षी स्वदेशात कांस्यपदक घेऊन ती थांबली. पदक मिळाले नसते तरीही तो निरोप ठरवून घेतलेला राहिला असता, आणि स्वतः ठरवून थांबलेल्या खेळाडूला पुढचे आयुष्य तुलनेने सोपे जाते.

थांबण्याची वेळ आली आहे हे कसे कळते?

वयाची रेषा नाही. एका वाईट स्पर्धेनंतर किंवा नुकत्याच झालेल्या अपघातानंतर हा निर्णय घेऊ नये. दोन्ही वेळा मन तात्पुरते बोलत असते. विश्रांती घेऊनही सरावाला जाण्याची इच्छा परत येत नसेल, स्पर्धा रद्द झाल्याची बातमी ऐकून सुटल्यासारखे वाटत असेल, दुसऱ्याच्या यशाचा आनंद होणे बंद झाले असेल, आणि चढण्याचे कारण विचारल्यावर फक्त पुरस्कर्ते, अनुयायी किंवा "इतकी वर्षे घातली" एवढेच उत्तर येत असेल, तर मात्र वेळ आलेली असते. थकवा आणि समाप्ती यांत फरक इतकाच की थकवा विश्रांतीने जातो.

दुखापतीने अचानक थांबावे लागले तर?

बोटातील स्नायुबंध, विशेषतः 'ए2' हे कडे (बोटाच्या मुळाशी स्नायुरज्जूला हाडालगत धरून ठेवणारा पट्टा), तुटताना कित्येकदा ऐकू येईल असा आवाज होतो, आणि तो आवाज आरोहक विसरत नाही. अशा वेळी शोक होणे साहजिक आहे आणि त्याला शोकच म्हणावे. या काळात आरोहकांच्या गटापासून दूर राहावे की त्यांच्यातच राहावे, याचे एकच उत्तर नाही. काहींना भिंतीखाली बसून इतरांचे दोर सांभाळण्यात समाधान मिळते, काहींना ते असह्य होते. जे असह्य होते ते सोसून दाखवण्याची गरज नाही. मित्रांनी मात्र फोन करणे थांबवू नये, आणि फोन केल्यावर फक्त "कधी परत येतोस?" हे विचारू नये.

साथीदाराच्या मृत्यूनंतर चढावेसे वाटत नाही. हा भित्रेपणा आहे का?

नाही.

निवृत्तीनंतर प्रशिक्षक होणे हा योग्य मार्ग आहे का?

अनेकांसाठी आहे. अमेरिकेच्या रॉबिन अर्ब्सफील्ड हिने 1992 ते 1995 असे सलग चार लीड विश्वचषक जिंकले, पुढे मुलांना शिकवण्यास वाहून घेतले, आणि तिची मुलगी ब्रूक राबुतू हिने 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक रौप्यपदक मिळवले. तरीही निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात शिकवायला उभे राहू नये. स्वतःची अपुरी राहिलेली स्पर्धा विद्यार्थ्याच्या खांद्यावरून लढणारा प्रशिक्षक मुलांचे फार नुकसान करतो, आणि त्याला स्वतःला ते दिसत नाही. शिष्य हरल्यावर आधी त्याच्यासाठी वाईट वाटते की आपल्यासाठी, हे प्रामाणिकपणे तपासावे.

सह्याद्रीत चढणाऱ्या हौशी आरोहकांना यातले काय लागू पडते?

जवळजवळ सर्वच. नवी मुंबईत 2016 आणि 2017 मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा झाल्या, त्यामुळे या खेळाची वरची पातळी मराठी मुलांनी जवळून पाहिली आहे; तरी आपल्याकडे बहुतेकांचे आरोहण नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, संस्थेच्या मित्रांबरोबर होते. नागफणी, तैलबैला, लिंगाणा किंवा कोकणकड्याची ओढ असलेल्या माणसाला कोणी व्यावसायिक म्हणत नाही, म्हणून त्याच्या थांबण्यालाही कोणी निवृत्ती म्हणत नाही. लग्न, बदली, मुले, आईवडिलांचे आजारपण यांतच ते विरून जाते. निरोप झालेला नसल्यामुळे दुःख व्यक्त करण्याची जागाही मिळत नाही, आणि "अजून तिथेच अडकलाय" हे घरच्यांचे वाक्य तेवढे ऐकावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत हा निर्णय पुष्कळदा त्यांना न विचारताच गृहीत धरला जातो, आणि याबद्दल आपल्या संस्थांनी पुरेसे बोललेले नाही, असे मला ठामपणे वाटते. ज्येष्ठ आरोहकाला मोहिमेच्या नियोजनात, बचावकार्याच्या सरावात आणि नवोदितांच्या शिबिरांत नेमकी जबाबदारी देणे, हे संस्थेला सहज करता येण्याजोगे काम आहे. वार्षिक कार्यक्रमात शाल आणि श्रीफळ देऊन ते होत नाही.

उतारवयातील आरोहकांसाठी आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी सहज ओलांडलेल्या जागी दृष्टिभय (खाली पाहून वाटणारी उंचीची भीती) जाणवू लागले, तर ते लपवू नये. लीड, म्हणजे सर्वांत पुढे चढण्याचे काम, दुसऱ्याकडे द्यावे आणि मागून चढावे.

थांबल्यानंतरचे पहिले वर्ष कसे काढावे?

सराव एकदम बंद करू नये. वर्षानुवर्षे आठवड्यातून पाच दिवस कष्टलेल्या शरीराला अचानक काहीच मिळाले नाही, तर झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडतात. म्हणून पोहणे, धावणे, सायकल, काहीतरी चालू ठेवावे, फक्त त्याची स्पर्धा करू नये. संध्याकाळचे जे तास भिंतीवर जात होते ते मोकळे न सोडता आधीच कशाला तरी बांधावेत. शक्य असल्यास मोठे निर्णय, म्हणजे घर बदलणे, नाते तोडणे, सगळी साधने विकून टाकणे, पहिले वर्षभर पुढे ढकलावेत. समाजमाध्यमांवर इतरांच्या आरोहणाच्या चित्रफिती सतत पाहत बसणे हे बहुतेकांना त्रासदायक ठरते.

व्यावसायिक मदत कधी घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातील लक्ष बिघडलेले असेल, दारूचे प्रमाण वाढत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर थांबू नये. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने अव्वल खेळाडूंच्या मानसिक आरोग्यावर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले आणि मानसिक आजार खेळाडूंतही आढळतात, त्यांवर उपचार व्हायला हवेत, हे स्पष्टपणे मांडले. भारतात केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. समुपदेशकाला आरोहण ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. पहिल्या भेटीत आपल्या आठवड्याचे वेळापत्रक सांगितले तरी त्याला पुरेसे कळते.

थांबल्यावर काही वर्षांनी पुन्हा चढावेसे वाटले तर?

अवश्य चढावे, आणि त्याला माघार समजू नये. स्नायू काही आठवड्यांत परत येतात, बोटांचे स्नायुबंध मात्र कित्येक महिने घेतात, आणि मनाला जुनी श्रेणी आठवत असल्यामुळे दुखापती नेमक्या याच अंतरात होतात. म्हणून पहिले काही महिने जुन्या ओळखीच्या मार्गांवर जाऊ नये. तिथे प्रत्येक पकड तुलना करायला लावते. पूर्वी कधीही न पाहिलेल्या भिंतीवर, वरून दोर लावून, आपल्या जुन्या पातळीच्या बऱ्याच खाली सुरुवात करावी, आणि शक्य तर अशा साथीदाराबरोबर जावे ज्याला आपण पूर्वी काय चढत होतो हे माहीत नाही.